भोक बुजवायचं की ठेवायचं? अजिंठ्याच्या नकला आणि माझं एक चिकटचित्र

आजचा एपिसोड मी मातीने माखलेल्या हातांनी रेकॉर्ड करतेय. गंमत नाही, खरंच. माईकच्या शेजारी दोन बाय तीन फुटांचं प्लायवूड पडलंय, त्यावर ओल्या मातीचा थर आहे, बाजूला जुन्या लग्नपत्रिका, गेरूची पुडी, केळीचं वाळलेलं सोपट आणि फेविकॉलचा डबा. मागे अधूनमधून खरखर ऐकू आली तर समजून घ्या, ती माझी करणी.

झालंय असं की माझी मावशी निवृत्त होतेय. जळगाव जिल्ह्यातल्या एका शाळेत ती चित्रकला शिकवते. अजिंठा तिथून जवळ, त्यामुळे शाळेची सहल जवळजवळ दरवर्षी तिकडेच. आणि मावशीचा नियम ठरलेला: लेण्यात शिरल्यावर पाच मिनिटं मोबाईल खिशात. आधी नुसतं बघायचं. अंधाराला डोळे सरावले की भिंतीतून माणसं बाहेर यायला लागतात, असं ती म्हणते. मी सातवीत असताना तिच्या शाळेच्या सहलीत घुसले होते आणि पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीसमोर तिने मलाही असंच उभं केलं होतं. उजव्या हातात कमळ, खाली झुकलेले डोळे, डोक्यावर तो नक्षीदार मुकुट. तुम्ही प्रत्यक्ष पाहिला नसेल तरी पुस्तकात, कॅलेंडरवर, एसटी स्टँडच्या भिंतीवर कुठेतरी नक्की पाहिलाय.

तर ठरवलं, मावशीला निरोपाची भेट म्हणून पद्मपाणीचं कोलाज करायचं. माती, कागद, कापड, रंग, सगळं एकत्र. लहानपणी याला आपण चिकटकाम म्हणायचो, आता मोठे झालो म्हणून मिक्स्ड मीडिया म्हणतो.

पहिली अडचण तिथेच आली. फोटो झूम करून बघितला तर चित्रात जागोजागी खड्डे. रंग उडालेला, काही ठिकाणी गिलावाच गेलेला. म्हटलं, भेट द्यायची तर नीट दिसायला हवी ना? एका ॲपमध्ये फोटो टाकला, बटण दाबलं, दहा सेकंदांत पद्मपाणी नवाकोरा! गाल गुळगुळीत, मुकुट पूर्ण, एक डाग नाही. भावाला पाठवला, त्याचा रिप्लाय आला, 'भारी.' मला मात्र ते बघून फेअरनेस क्रीमची जाहिरात आठवली. ॲपने ते खड्डे कशाने भरले? तिथे खरंच काय होतं हे त्याला कुठून कळलं? कळलं नव्हतंच. आसपासचं बघून त्याने ठोकून दिलं होतं.

मग मी वाचायला बसले आणि लक्षात आलं की माझी ही अडचण जवळजवळ दोनशे वर्षं जुनी आहे. अजिंठ्याची भिंत पाहून ती आपल्यासोबत घेऊन जावीशी वाटलेले लोक खूप झाले. प्रत्येकाला हाच प्रश्न पडला आणि प्रत्येकाने वेगळं उत्तर दिलं. काही उत्तरं त्या भिंतीला फार महागात पडली.

पण आधी भिंतच बघू. अजिंठ्याचा डोंगर म्हणजे आपला काळा कातळ, बेसॉल्ट. छिन्नीने तो मुद्दाम खडबडीत ठेवला, म्हणजे वर लावलेली माती धरून राहील. त्यावर मातीचा जाड थर: चिकणमाती, शेण, भाताचं तूस, गवता-वनस्पतींचे धागे. त्यावर आणखी बारीक मातीचा थर. त्यावर चुन्याचा हात, अंड्याच्या टरफलासारखा पातळ. आणि हे सगळं वाळल्यावर मग रंग. रंगही बहुतेक मातीचेच. लाल गेरू, पिवडी, काजळीचा काळा, चुन्याचा पांढरा आणि हिरवी माती. ही हिरवी माती दख्खनच्या याच कातळाच्या पोटात सापडते. अपवाद फक्त निळ्याचा. पाचव्या शतकातल्या, म्हणजे वाकाटक काळातल्या लेण्यांमध्ये जो निळा दिसतो तो लाजवर्द नावाच्या दगडाचा, आणि तो दगड यायचा पार अफगाणिस्तानातून. भिंत गावची, निळा रंग परदेशी.

हे सगळे रंग भिंतीला धरून कशाने राहिले? सरसाने. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला तो चिकट सरस. फेविकॉल येण्याआधी सुतार जो वापरायचे, त्यातलाच प्रकार. म्हणून अजिंठ्याच्या चित्रांना फ्रेस्को म्हणणं खरं तर चूक आहे. फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग लावतात आणि चुना वाळताना रंग आत धरून ठेवतो. इथे रंग कोरड्या भिंतीवर चिकटवलाय. आणि कोलाज हा शब्द ज्या फ्रेंच क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ 'चिकटवणं'च. पिकासोने १९१२ साली कॅनव्हासवर वेताच्या विणीचं चित्र छापलेलं मेणकापड चिकटवलं आणि कोलाज आधुनिक कलेत आलं, असं पुस्तकं सांगतात. बरोबरच आहे ते. पण शेण, तूस, चुना, सरस आणि अफगाणी दगड अशी थरावर थर रचलेली ही भिंत मला तरी मिक्स्ड मीडियाच वाटते.

हे मला कळलं ते पुस्तकातून नाही, आधी फजितीतून. पहिल्या प्रयत्नात मी कुंभाराकडून आणलेली माती चाळून घेतली, फेविकॉल घातला, प्लायवूडवर मस्त गुळगुळीत थर दिला आणि पंख्याखाली ठेवला. सकाळी बघते तर उन्हाळ्यातल्या आटलेल्या तळ्यासारख्या भेगा! बोर्ड उचलला तर खपल्या खाली. मावशीला भेटीचं कळू द्यायचं नव्हतं, म्हणून आडून फोन केला.

"मावशी, एक हस्तकला करतेय, पण माती तडकतेय गं."

"तूस घातलंस का?"

"नाही."

"अगं मग तडकणारच! आजी चूल लिंपायची तेव्हा नुसती माती घ्यायची का? शेण, तूस, काहीतरी धरून ठेवणारं नको?"

फोन ठेवला आणि डोक्यात प्रकाश पडला. चिकणमाती वाळताना आकसते. नुसती असेल तर एक मोठी भेग पडते आणि थर सुटतो. आत धागे असले की ते भेगेच्या दोन्ही काठांना धरून ठेवतात, ताण वाटला जातो. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्याला हे पाठ होतं. आणि हो, यातच एक मेख आहे. तूस आणि धागे म्हणजे किड्यांचं जेवण. अजिंठ्याच्या गिलाव्याला किड्यांनी बराच त्रास दिलाय. वेरूळच्या गिलाव्यात मात्र अभ्यासकांना अंबाडीसारख्या धाग्यांची एक वनस्पती मिसळलेली सापडली. ती म्हणजे भांगेचं झाड! तिथे किड्यांचा त्रास कमी होण्याचं एक कारण ते असावं, असं त्यांनी २०१६ साली मांडलं. मी तुम्हाला भांग शोधायला सांगत नाहीये, प्लीज. मी केळीच्या सोपटाचे धागे घातले. खानदेशात केळीला काय तोटा!

आता नकलांची गोष्ट.

२८ एप्रिल १८१९. मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या त्या नालाकृती दरीत येतो आणि त्याला लेणी दिसतात. आपण 'शोध लागला' म्हणतो, पण आसपासच्या लोकांना ती माहीत होतीच. स्मिथने काय केलं? दहाव्या लेण्यात गेला आणि खांबावरच्या चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरली! आज ते नाव आपल्या डोक्याच्या वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात माती-दगडांचा ढीग साठला होता आणि तो त्या ढिगावर उभा होता. म्हणजे इंग्रजांच्या कागदांत अजिंठा येतो तोच भिंतीवर ओरखडा काढून.

पुढच्या काही वर्षांत येणाऱ्यांची रांग लागली. एका डॉक्टरसाहेबाने तर सतराव्या लेण्यातल्या मोठ्या चक्रातून माणसांची चित्रं चक्क सोलून काढली. घरी न्यायला. हातात काय राहिलं? भुगा. माती, तूस आणि चुना यांचा थर कातळावरून सुटला की तो चित्र राहत नाही, धूळ होतो. कात्रण कापून चिकटवण्याची कल्पना तिथे शब्दशः करून बघितली गेली आणि शब्दशः मातीत गेली.

मग १८४४ साली मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल आला. त्याला काम दिलं होतं नकला करण्याचं. मोठमोठ्या कॅनव्हासवर, तैलरंगात. हे गिल प्रकरण तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. गिल आणि पारू, ना. धों. महानोरांचं 'अजिंठा' हे दीर्घकाव्य, नितीन चंद्रकांत देसाईंचा २०१२ सालचा सिनेमा. अजिंठा गावात पारूच्या स्मरणार्थ १८५६ सालचा दगड आजही आहे. त्या प्रेमकथेवर वेगळा एपिसोड करता येईल. पण प्रेमकथेच्या सावलीत एक गोष्ट हरवते, ती म्हणजे त्या माणसाची मेहनत. दिवे, मशाली, वटवाघळं, हिवताप, आणि जवळपास वीस वर्षं तेच काम. पंचवीस-तीस मोठे कॅनव्हास तयार झाले, ते बोटीने लंडनला गेले आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना बघायला लावले गेले.

डिसेंबर १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसला आग लागली. गिलची बहुतेक चित्रं गेली. उरली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

क्षणभर थांबा इथे. वीस वर्षं. आपला फोन हरवला आणि बॅकअप नसला तर आपण दोन दिवस जेवत नाही. गिल मात्र परत त्याच भागात काम करत राहिला, फोटोही काढत राहिला. १८७९ मध्ये तो वारला, भुसावळला त्याची कबर आहे. मुंबई-नागपूर गाडीने जाता-येता आपण सगळे त्या स्टेशनवर केळी घेतो. कबर कोणी बघतं का, माहीत नाही. मीही बघितली नव्हती.

गिलची चित्रं जळाल्यावर काम कोणाकडे? मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे. तिथले जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन अजिंठ्याला जायला लागले. १८८५ पर्यंत, तेरा वर्षं, हिवाळ्याच्या मोसमात. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे मुंबई इलाख्यातली पोरं दुसऱ्याच्या मुलखात जाऊन डोंगरात मुक्काम करायची. त्यात पेस्तनजी बोमनजी होते, पुढे नावाजलेले चित्रकार. जे. जे. ला शिकणारे तुम्ही कोणी ऐकत असाल तर हे तुमचे सीनिअर बरं का! जवळपास तीनशे कॅनव्हास झाले. भिंतीवरच्या कथा तर होत्याच, पण छतावरच्या चौकटीही: कमळं, हंस, फळं, वेलबुट्टी. ग्रिफिथ्सना त्यात मोठा रस होता. इथल्या विद्यार्थ्यांनी ग्रीक पुतळ्यांऐवजी हे बघून शिकावं, असं त्यांचं म्हणणं. त्या काळात हे म्हणणारा इंग्रज मास्तर म्हणजे विशेषच.

आणि याच मंडळींनी भिंतीवर व्हार्निश फासलं.

का? तर चित्र नीट दिसावं म्हणून. वाळलेला खडा पाण्यात बुडवला की त्याचा रंग कसा खुलतो, तसंच धुळकट, कोरड्या रंगावर व्हार्निश लावलं की रंग उजळतात, रेषा दिसतात, नक्कल करणं सोपं जातं. त्या दिवसापुरतं. नंतर व्हार्निश पिवळं पडतं, तपकिरी होतं, धूळ आणि धूर धरून ठेवतं आणि सुकून आकसलं की खालचा रंगही सोबत ओढतं. मूळ चित्रकाराने मंद, मातकट दिसावं म्हणून ठेवलेली भिंत चकाकायला लागते. पुढच्या शंभर वर्षांत पुरातत्त्ववाल्यांचा बराच वेळ हे साफ करण्यात गेला, आणि त्या साफसफाईनेही काही ठिकाणी रंग गेला असं अभ्यासक म्हणतात.

मी हे वाचून बरंच नाक मुरडलं. आणि मग काय केलं असेल? माझ्या कोलाजच्या नमुन्याच्या तुकड्यावर व्हार्निश मारलं! 'बघू तरी कसं दिसतं' म्हणून. सावलीसाठी मी वर्तमानपत्राचे तुकडे वापरले होते. व्हार्निश पडताच कागद तेलकट, पारदर्शक झाला आणि मागच्या पानावरची प्लॉटविक्रीची जाहिरात पद्मपाणीच्या गालावर उमटली. फोन नंबरासकट. माझा तुकडा पुठ्ठ्याचा होता, मी तो फेकून दिला. ग्रिफिथ्सच्या हाताखाली पाचव्या शतकातली भिंत होती. वाईट हेतू नव्हता हो त्यांचा. मला तर तेच जास्त टोचतं. तेरा वर्षं जीव ओतून काम करणाऱ्या माणसांनी, उत्तम नक्कल करण्याच्या नादात, जिची नक्कल करायची तिलाच इजा केली.

आणि त्या नकलांचं काय झालं? लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनमधल्या संग्रहालयात ठेवल्या होत्या. १८८५ मध्ये तिथे आग. शंभरावर चित्रं जळाली. दुसऱ्यांदा! गिल आणि ग्रिफिथ्स दोघांची मिळून उरलेली १६६ चित्रं आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या ताब्यात आहेत, त्यातली काही सहा मीटर लांबीची. ग्रिफिथ्सनी १८९६-९७ मध्ये दोन जाडजूड खंड छापले. त्यामुळे जळालेल्यांपैकी काहींची छपाई तरी उरली.

यानंतरची पाहुणी मला सगळ्यात जास्त विचारात पाडते. लेडी क्रिस्टियाना हेरिंगहॅम. १९०९ ते १९११ च्या दरम्यान त्या अजिंठ्याला आल्या, सोबत कलकत्त्याची आणि हैदराबादची तरुण चित्रकार मंडळी. त्यात नंदलाल बोस होते, असितकुमार हालदार होते. वयाने तुमच्या-माझ्याएवढे. आणि यांनी नक्कल करताना एक निर्णय घेतला: खड्डे भरायचे. जिथे रंग उडालाय तिथे मूळ काय असेल याचा अंदाज बांधून चित्र पूर्ण करायचं. आज भिंत कशी दिसते याची नोंद त्यांना ठेवायची नव्हती, ती कधीकाळी कशी दिसत असेल ते त्यांना दाखवायचं होतं. १९१५ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने त्या नकला छापल्या. पुस्तकाच्या नावात 'फ्रेस्को' हा चुकीचा शब्दही जाऊन बसला आणि आजवर हटलेला नाही.

म्हणजे माझ्या ॲपने केलं तेच हेरिंगहॅम बाईंनी केलं का?

दोन दिवस मी यावर अडले होते. मला वाटतं, नाही. ॲपला अजिंठ्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला फक्त डाग नको होते. नंदलाल बोसांनी त्या लेण्यांमध्ये महिनोन्महिने हात चालवला. मोडलेली रेषा पुढे कुठे जाणार हे शोधता शोधता ती रेषा त्यांच्या मनगटात बसली. पुढे १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी जी पोस्टर्स केली, ढोलकीवाला, कांडणारी बाई, शेतकरी, त्या जाड, वळणदार रेषांमध्ये मला तरी अजिंठा दिसतो. आपल्या संविधानाच्या मूळ हस्तलिखिताची पानं सजवली तीही नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांनी. खड्डा भरण्याचा सराव कुठून कुठे गेला बघा.

पण त्याच वेळी, नकला म्हणून त्या फसव्या आहेत हेही खरं. पुस्तक उघडणाऱ्याला कळत नाही की गालाचा कुठला भाग पाचव्या शतकातला आणि कुठला १९१० सालच्या कलकत्त्याचा. आज भिंतीवरचा आणखी एखादा तुकडा पडला आणि 'तिथे काय होतं?' असं विचारायचं झालं, तर हेरिंगहॅमपेक्षा ग्रिफिथ्सवर विसंबावं लागतं. व्हार्निशवाल्या ग्रिफिथ्सवर! इतिहासाची ही अशी मस्करी असते.

जपानचे अराई काम्पो १९१६ ते १९१८ मध्ये आले. रवींद्रनाथांनी त्यांना भारतात बोलावलं होतं. त्यांनी जपानी कागदावर नकला उतरवून घेतल्या, टोकियोच्या विद्यापीठात नेऊन ठेवल्या, आणि १९२३ च्या भूकंपात त्याही गेल्या. तिसऱ्यांदा. एव्हाना तुम्हालाही वाटत असेल की अजिंठ्याच्या नकलांना कोणाची तरी नजर लागलीय. मूळ भिंत मात्र पावसात, वटवाघळांत, व्हार्निशखाली तिथेच उभी. निजामाच्या सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले, त्यांनी सुटत चाललेला गिलावा जागेवर बसवला, काही ठिकाणी लाखेचा लेप दिला. त्या लेपाबद्दलही नंतर तक्रारी झाल्याच. मग हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात फोटोंसह खंड काढले आणि हाताने नक्कल करण्याची गरज जवळपास संपली.

आता परत माझ्या टेबलावर. कोणाला करून बघायचं असेल तर मी काय केलं ते सांगते. प्लायवूडला आधी खिळ्याने ओरखडे काढा, गुळगुळीत पृष्ठभागावर माती बसत नाही. माती, कुस्करलेलं वाळकं गवत किंवा सोपटाचे धागे, थोडा फेविकॉल. शेण घालायची हिंमत असेल तर घाला, मी फ्लॅटमध्ये राहते. थर पातळ, आणि सावलीत वाळू द्या. पंखा नको! तीन-चार दिवस लागतात. त्यावर चुन्याचा एक पातळ हात. मग गेरूच्या पाण्याने मोठी रेषा काढा, आणि कागद फाडून लावायला घ्या. कात्री वापरू नका. फाडलेल्या कागदाच्या कडेला पांढरे तंतू दिसतात, ती कड उडालेल्या रंगासारखी दिसते. कागद लावायला गव्हाच्या पिठाची खळ चांगली, चूक झाली तर ओलं करून काढता येतो. निळ्यासाठी मी रंग वापरला नाही. घरात एका जुन्या इनलँड पत्राचा निळा कागद होता, आजोबांनी आजीला पाठवलेल्यांपैकी, मजकूर नसलेला भाग. तो कमळाला लावला.

आणि व्हार्निश नाही. धूळ बसली तर बसू दे.

राहिला खड्ड्यांचा प्रश्न. मी ॲपवाला फोटो डिलीट केला आणि खरा फोटो समोर ठेवला. जिथे भिंतीवर चित्र नाही, तिथे माझ्या बोर्डावरही कागद नाही. चुनाही नाही. नुसती माती, तिच्यातले धागे आणि तूस दिसतंय. मावशीच्या त्या फोननंतर मी मुद्दाम तूसही घातलं होतं. खरं सांगायचं तर एका जागी हात शिवशिवला. मुकुटाच्या कडेला एक मोत्यांची माळ अर्ध्यात तुटते आणि पुढे कुठे जाणार ते स्पष्ट दिसतं, चार ठिपके दिले असते तर झालं असतं. नंदलालबाबूंनी नक्कीच दिले असते. पण त्यांच्याकडे लेण्यातले ते महिने होते. मी तिथे आयुष्यात तीन वेळा गेलेय. माळ तुटलेलीच ठेवली.

हा एपिसोड इथेच संपणार होता, पण एडिट करायच्या आधी निरोप समारंभ होऊन गेला, म्हणून हा शेवटचा भाग आज जोडतेय. बोर्ड दुसऱ्या दिवशी घरी दिला, सगळे जमले होते. भाऊ म्हणाला, "ताई, तू मला पाठवलेला तो क्लीन होता ना, तसा का नाही केलास?" मामी म्हणाली, "छान आहे, पण अर्धवट राहिलाय का गं?" मावशी काहीच बोलली नाही. चष्मा वर केला, बोर्ड खिडकीशी नेला, आणि पाच मिनिटं, खरोखर पाच मिनिटं, नुसती बघत उभी राहिली. मग चेहरा सोडून, कमळ सोडून, जिथे काहीच नाही त्या मातीवर बोट ठेवलं.

"तूस घातलंस शेवटी."

"हो."

"कुठल्या तांदळाचं?"

मला माहीत नव्हतं. गिरणीतून आणलं होतं. ती म्हणाली, "विचारून घे. मागे लिहून ठेवू."